ओढ्यापलीकडचे तीळ

"मला कुठं ठेवणार आहेस?" माझ्या म्हाताऱ्या नवऱ्यानं विचारलं.

मी अंगण झाडत होते. मान वर न करताच म्हटलं, "आहात तिथंच राहा. आता काय डोक्यावर घेऊन नाचू तुम्हाला?"

"आत्ताचं नाही विचारत. नंतरचं."

खराटा थांबला. मी वळून पाहिलं. ताडपत्रीच्या सावलीत चटईवर पडला होता. पाय सुजून भोपळ्यासारखे झालेले. डोळे तर आम्ही इथं आलो त्याच साली गेले होते. पण कान शाबूत. अंगणातनं कोण गेलं ते पावलावरनं सांगायचा. कीडेन, आमची सून, अनवाणी चालली तरी ओळखायचा. एकदा म्हणाला, हिचं पाऊल जड पडायला लागलंय. तेव्हा तिला दिवस गेलेत हे तिचं तिलाही धड ठाऊक नव्हतं.

"माळावर नको नेऊस मला," तो म्हणाला. "तिथं कोण आपलं? सगळे रांगेत निजलेले, शाळेतल्या पोरांसारखे. मला दारापुढं ठेव. सकाळी खराटा वाजला की मला कळेल, घर जागं झालं."

आमच्यात गेलेलं माणूस दारापुढंच ठेवतात. सकाळी घरची बाई आधी त्याच्यावरनं खराटा फिरवते, मग उरलेलं अंगण झाडते. गावी आमच्या दारापुढं माझे सासरे आहेत, सासूबाई आहेत, माझी दोन लेकरं आहेत. त्यांच्यामुळंच ती जागा आमची. ज्याचं थडगं त्याची जमीन. आमच्याकडं त्याला दुसरा कागद लागत नाही.

"ठेवते," मी म्हटलं. "पण घाई करू नका. अजून ज्वारी कुटायची राहिलीय."

तो हसला. हसता हसता खोकत राहिला.

आम्ही कुकू लोक. आमचं गाव सरहद्दीपलीकडं, दक्षिण सुदानात. लढाई दारापर्यंत आली तशी डोक्यावर भांडी घेऊन पळालो ते इथं युगांडाच्या हद्दीत, या निर्वासितांच्या वसाहतीत येऊन टेकलो. माझा सासरा सुबेक आमच्या गावात जमिनीचा बाप म्हणून ओळखला जायचा. कुणी कुठं नांगरायचं, कुणी कुठं घर बांधायचं, ते त्यानं सांगायचं. ओढ्याकाठच्या चिंचेखाली बसायचा, हातात पितळी कडं, आणि लोक त्याच्यापुढं वाकून उभे राहायचे. त्या घरची मी सून. आणि इथं मला एक तुकडा मिळाला, त्यात मातीपेक्षा दगड जास्त. धान्याच्या रांगेत बसायचं. आधी पोतं भरून द्यायचे, मग अर्धं झालं, मग अर्ध्याचंही अर्धं. चवळीचा पाला खाऊन खाऊन पोरांच्या जिभा हिरव्या झाल्या. तरी मी इथं एक झाड लावलं नाही. शेजारणी आंबे लावत होत्या, पपया लावत होत्या. मी म्हणायचे, लावा बायांनो, फळं येईस्तोवर बसा इथंच. मी तर उद्या निघाले.

उद्या निघाले असं म्हणत म्हणत म्हाताऱ्यानं चटई धरली.

जमीन मादी नावाच्या इथल्या जमातीची. आमचा तुकडा ज्या घराण्याचा, त्या घरची म्हातारी चंदिरू. उंच, वाळकी, डावखुरी, गालात कायम तंबाखू. तिची आणि माझी पहिली गाठ नळावर पडली. आम्ही पहाटेपासून पिवळे डबे रांगेत लावून बसलेल्या, आणि ही आली ती थेट पुढं जाऊन आपला डबा तोटीखाली लावून मोकळी. मी कीडेनला आमच्या भाषेत म्हटलं, "बघ, उंटीण आली. नळ हिच्या बापानं बसवलाय जणू."

ती सावकाश वळली. आणि आमच्याच भाषेत म्हणाली, "नळ नाही, जमीन. बापाची नाही, सासऱ्याची. आणि उंट तुझ्याही गावात नाहीत. तू कुठं पाहिलास?"

सगळ्या बाया हसल्या. कीडेनसुद्धा हसली, तिला मी घरी गेल्यावर बघितलं.

"आमची भाषा कुठं शिकलीस?" मी विचारलं.

"बाजारात," ती म्हणाली.

बाजारात शिकलेली भाषा अशी नसते. बाजारात 'मीठ', 'किती' आणि 'जास्त आहे' एवढंच शिकतात. हिची बोली आमच्या ओढ्याकाठची होती. पण तेव्हा माझं लक्ष तिकडं नव्हतं. मला उत्तर द्यायचं होतं.

"तुमचे लोक पळून आमच्याकडं आले होते, तेव्हा आम्ही तुम्हाला रांगेत उभं केलं नाही," मी म्हटलं. "शेतं काढून दिली."

ते खरंच होतं. मी नवी नवरी होते तेव्हा इकडं युगांडात मारामारी चालली होती, आणि हे लोक आमच्या बाजूला आले होते. वर्षानुवर्षं राहिले. आता पाळी उलटली होती.

चंदिरूनं भरलेला डबा डोक्यावर घेतला. "दिलीत," ती म्हणाली. "माझ्या लक्षात आहे."

आणि गेली. मला वाटलं, जिंकले.

त्यानंतर आमचं सरळ बोलणं झालंच नाही. तिचा थोरला इझामा रानात आमच्या बायांच्या मोळ्या हिसकावून घ्यायचा, कोयते काढून घ्यायचा. एकदा कीडेनचा कोयता घेतला. मी त्याच्या घरापुढं उभी राहून त्याच्या सात पिढ्या काढल्या. चंदिरू ओसरीवर बसून शेंगा सोलत होती. शेवटी तिनं कोयता आणून माझ्यापुढं टाकला. "घे. आणि आवाज खाली घे, कोंबड्या अंड्यावरनं उठल्या." तशी ती. आणि तशी मी.

एका पहाटे म्हातारा बोलायचा थांबला. उजाडायच्या आत गेला. मी त्याला धुतलं. कीडेननं पाणी दिलं. हातातलं पितळी कडं, त्याच्या बापाचं, मी काढलं आणि लेमीच्या, माझ्या लेकाच्या हातात घातलं. मग कुदळ आणली.

"आई," लेमी म्हणाला, "विचारायला हवं. वसाहतीचा नियम आहे. प्लॉटवर कुणाला ठेवायचं नाही. माळावर जागा दिलीय."

"नियम तुझ्या बापाला सांग जाऊन. आत निजलाय."

"आई, जमीन आपली नाही."

"मी तोंडानं ठेवते म्हटलंय त्याला."

त्यानं पुढं काही बोलायच्या आत मी दारापुढं पहिला घाव घातला. कुदळ दगडावर बसली आणि माझा हात खांद्यापर्यंत झिणझिणला. मग लेमीनं माझ्या हातातनं कुदळ घेतली. माझे दोन पुतणे आले. दगड फार होते, तरी ऊन चढेपर्यंत खड्डा झाला. छातीइतका खोल, सरळ, चांगला. आमच्या लोकांना हे जमतं. लढाईच्या दिवसांत आम्ही खूप खड्डे खणलेत.

मग इझामा आला. बरोबर त्याचे भाऊ आणि वसाहतीचा चेअरमन. हा चेअरमन आमच्यातलाच, नेहमी घाम पुसणारा माणूस. त्यांच्या मागं चंदिरू.

चेअरमन म्हणाला, "जोकुडूआजी, हे असं नाही करता येत."

"झालंय," मी म्हटलं. "बघ की, डोळे आहेत ना तुला."

इझामा मला नाही, लेमीला बोलला. "आज थडगं. उद्या तुझा पोरगा म्हणेल, आजा इथं निजलाय, जागा माझी. मग माझा पोरगा काय म्हणेल? तूच सांग."

खरं होतं ते. आमच्या गावी कुणी असं केलं असतं तर आम्हीही हेच बोललो असतो. पण ते मला त्या दिवशी कोण सांगणार.

"माझा माणूस आत पडलाय," मी चंदिरूला म्हटलं. "तू बाई आहेस. तू सांग तुझ्या पोराला."

चंदिरूनं खड्ड्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "जमीन तुम्हाला खायला दिलीय. कुजायला नाही."

ओरडून नाही म्हणाली. हळूच, खाली बघून. आणि मला त्या संतापातही वाटून गेलं की हे आपण कुठंतरी ऐकलंय, अगदी याच शब्दांत. पण तेव्हा कोण आठवत बसतंय.

मी तिच्या अंगावर गेले असते. लेमीनं मला धरलं. कानाशी म्हणाला, "आई, कीडेनचे दिवस भरत आलेत. भांडण पेटलं तर आपल्यालाच उठवतील. इथनं कुठं जायचं, सांग. जागा सांग, आत्ता चालायला लागतो."

मी त्याचा हात सोडवला आणि आत जाऊन म्हाताऱ्याच्या अंगावरची चादर तोंडावर ओढली.

लेमीनं आणि शेजाऱ्यांनी म्हाताऱ्याला उचललं. माळावर न्यायला माझे पुतणे पुढं झाले. मी दारात उभी होते, खड्डा माझ्या आणि चंदिरूच्या मध्ये. खणलेला खड्डा रिकामा बुजवत नाहीत. उघडा राहिलेला खड्डा माणूस मागतो. आमच्यात तसं मानतात, त्यांच्यातही मानतात. चेअरमननं कुणाला तरी म्हटलं, माती लोटा रे. कुणी पुढं आलं नाही.

मी चंदिरूला म्हटलं, "मी नाही बुजवणार. मोकळाच राहू दे. तुझी जमीन ना? मग घाल तुझंच माणूस त्यात."

कीडेननं तोंडावर हात ठेवला. इझामा एक पाऊल पुढं आला. असलं कुणाला बोलत नाहीत. शत्रूलाही बोलत नाहीत. चंदिरूनं हात आडवा धरून त्याला थांबवलं. माझ्याकडं पाहिलं. तंबाखू या गालातनं त्या गालात फिरली.

"बरं," ती म्हणाली. आणि निघून गेली.

माळावर म्हाताऱ्याला रांगेत ठेवलं. एका बाजूला तापानं गेलेली कुणी बाई, दुसऱ्या बाजूला मोकळी जागा, पुढच्यासाठी धरलेली. डोक्याशी आकडा लिहिलेली फळी. पलीकडं कुणाचं तरी कसाव्याच्या कंदांचं शेत. मी कान देऊन बसले. वाऱ्यानं कसाव्याची पानं वाजत होती, तेवढंच. ना पाऊल, ना खराटा. आंधळ्या माणसाला कानांशिवाय काय असतं? मी त्याला काहीच बोलले नाही. बोलले असते तर माफीच मागावी लागली असती, आणि ती मी त्याची उभ्या जन्मात मागितली नव्हती. तो घाबरला असता.

घरी खड्डा होताच. लेमीनं त्यावर फांद्या आणि पत्रा टाकला. पोरांना तिकडं फिरकू देत नव्हतो. पोटुशी बाई असल्या खड्ड्यावरनं जात नाही, म्हणून कीडेन दारातनं बाहेर पडेना. शेवटी तिनं मागचा कूड कापला आणि तिथनं वाकून ये-जा करायला लागली, एवढं पोट सांभाळत. शेजारणी म्हणाल्या, जोकुडू, केळीचं खोड घाल की. असंच करतात. माणसाच्या लांबीचं खोड कापायचं, कापडात गुंडाळायचं, माणसासारखं ठेवायचं, खड्ड्याचं समाधान होतं. मलाही ठाऊक होतं. पण केळी फक्त चंदिरूच्या मळ्यात, नाल्याकाठी. तिच्याकडं खोड मागायला मी जाणार नव्हते. कीडेननं एकदा कुडाच्या भोकातनं माझ्याकडं पाहिलं. बोलली नाही काही. बोलली असती तर बरं झालं असतं, मी ओरडू तरी शकले असते.

मग एका सकाळी, मी झाडत असताना, चंदिरू आली.

एकटी. पाठीला लुगड्यानं काहीतरी बांधलेलं, आपण लेकरू बांधतो तसं. किंचित वाकून चालत होती, एक हात मागं नेऊन खालनं आधार दिलेला. मला वाटलं नातू असेल. नातवाला घेऊन माझ्या दारात, या खड्ड्यापाशी? मी खराटा घेऊन आडवी झाले.

ती खड्ड्यापाशी जमिनीवर बसली. छातीवरची गाठ सोडली, पाठीवरचं ओझं अलगद पुढं घेतलं आणि मांडीवर ठेवलं. केळीचं खोड होतं. लहान. चालायला लागलेल्या पोराएवढं. जुन्या कापडात गुंडाळलेलं. धुऊन धुऊन त्याचा रंग कुठला ते कळत नव्हतं.

"तू म्हणालीस, तुझं माणूस घाल," चंदिरू म्हणाली. "आणलंय."

मी खराटा खाली ठेवला.

"आसिकू. माझा पहिला. भिंतीला धरून चालायचा. तुमच्याकडं असताना गेला, गोवरानं."

"आमच्याकडं म्हणजे कुठं?"

"तुमच्याकडं म्हणजे तुमच्याकडंच. ओढ्याकाठी चिंच होती, पलीकडं आमच्या झोपड्या. चिंचेखाली एक माणूस बसायचा. घसा बसलेला असायचा त्याचा. हातात पितळी कडं." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "तुझा म्हातारा इथं आला ना, लोकांनी त्याला हात धरून गाडीतनं उतरवलं. तेव्हाच मी ते कडं ओळखलं."

मी खाली बसले.

"आम्हीही दारापुढं खणलं होतं," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्यानं एकट्यानं खणलं. लहानसंच. आणि तो माणूस आला. खड्ड्यात बघितलं त्यानं. आणि म्हणाला—"

"जमीन खायला दिलीय," मी म्हटलं. "कुजायला नाही."

तिनं मान हलवली.

मला सगळं आठवलं. मी नवी नवरी, सासरे चिंचेखालनं घरी आले, मी दुधी भोपळ्याच्या तुंब्यातनं पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी सासूबाईंना सांगितलं, त्या युगांडावाल्यांना आज असं असं बोलून आलो. बसलेला घसा. तेच शब्द. सासूबाई म्हणाल्या, बरं केलंत. आणि मला वाटलं होतं, केवढ्या मानाच्या घरात पडलो आपण.

"म्हणजे सूड काढलास," मी म्हटलं.

"सूड?" चंदिरूनं तंबाखू थुंकली, खड्ड्यापासनं लांब. "सूड काढायचा असता तर तुला इथं घरच बांधू दिलं नसतं. या जागेवर कुणाला बसवायचं ते इझामानं मला विचारलं होतं." थोडा वेळ ती खोडावरचं कापड सारखं करत राहिली. "इतकी वर्षं शिव्या दिल्या त्या माणसाला. आणि परवा तुझ्या अंगणात उभी राहिले. माझे तीन लेक मागं, तुझी नातवंडं पुढं. दुसरं काही तोंडातनं निघेचना. तो खोटं बोलला नव्हता गं. थडग्यावरनंच डोकी फुटतात. एवढंच, की त्याला ते सांगताना काही वाटलं का, हे मला विचारायचं होतं. राहून गेलं."

"मला ठाऊक नाही," मी म्हटलं. "पाणी मात्र दोनदा मागितलं त्यांनी."

ते मी खरं सांगितलं.

आत कीडेन उठल्याचा आवाज आला. चंदिरू हळू आवाजात म्हणाली, "मग आम्ही त्याला ओढ्यापलीकडं ठेवलं, शेताच्या बांधाला. डोक्याशी शेराचं झाड लावलं, कुंपणाला लावतात ना, ते. म्हटलं, हे मरत नाही, पुन्हा आलो तर सापडेल. आणि मग तुमच्याकडंही गोळ्या सुटल्या, आम्ही एका दिवसात पळालो. निघताना त्याच्याकडं जाताही आलं नाही." तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ पाहिलं. "आता काय आहे तिथं?"

आता काय आहे तिथं.

ते लोक गेल्यावर ती जमीन एक पावसाळा तशीच पडली. मग सासऱ्यांनी बांधाकडचा तो पट्टा आम्हाला दिला. म्हाताऱ्यानं, तेव्हा तो तरणा होता, शेर उपटून टाकला. सावली पडत होती पिकावर. आम्ही तीळ पेरले. तसे तीळ मी पुन्हा कुठं पाहिले नाहीत. माझ्या छातीपर्यंत यायचे. सगळं गाव म्हणायचं, जोकुडूचा ओढ्यापलीकडचा पट्टा म्हणजे सोनं आहे. त्याचं तेल मी लेमीच्या टाळूला घातलं. त्याचे लाडू करून बाळंतपणात खाल्ले. दरसाल खाल्ले.

म्हातारा म्हणायचा, जोकुडूच्या तोंडात जीभ नाही, विळा आहे. मनात आलेलं तोंडावर बोलले नाही असं कधी झालं नाही. कुणाला सोडलं नाही मी, सासूलाही नाही.

"गवत," मी म्हटलं.

"गवत?"

"उंच. माणूस दिसत नाही आत. कुणी हात लावत नाही त्याला. शेर तर एवढा वाढलाय."

मी हात डोक्याच्या वर करून दाखवला.

चंदिरूनं माझ्या हाताकडं पाहिलं, मग तोंडाकडं. तिनंही आयुष्यभर शेती केली होती. ओढ्याकाठची चांगली जमीन कुणी गवताला सोडतं का, हे तिला सांगायला नको होतं.

"बरं," ती म्हणाली.

आम्ही पत्रा आणि फांद्या बाजूला केल्या. लेमीला हाक मारली, तो खड्ड्यात उतरला. चंदिरूनं खोड त्याच्या हातात दिलं, डोक्याकडची बाजू कुठली ते सांगितलं. लेमीनं ते तसंच धरलं, मानेखाली हात घालून. मोठ्या माणसासाठी खणलेल्या खड्ड्यात ते फारच लहान दिसत होतं. चंदिरू म्हणाली, "त्याला एवढी जागा कधी मिळालीच नव्हती." मग तिनं माती टाकली. मग मी टाकली. पोरांनी उरलेली ओढली. उंचवटा झाल्यावर कीडेन पुढच्या दारातनं बाहेर आली, इतक्या दिवसांनी, आणि उंचवट्याला वळसा घालून उभी राहिली.

चंदिरूनं लुगडं झटकून पुन्हा कमरेला गुंडाळलं. पाठ आता मोकळी होती, तरी हात तिचा एकदा मागं गेला.

"हे माझं थडगं आहे," जाताना म्हणाली. "जागा माझी होती, माझीच राहील. तुझ्या नातवांना सांगून ठेव."

"मग झाडायला येत जा रोज," मी म्हटलं.

"तू झाडशील. अंगण तुझं आहे."

आणि मी झाडलं. कीडेन बाळंत झाली, मुलगी झाली, ती त्या उंचवट्याला धरून उभी राहायला शिकली. मी रोज सकाळी आधी आसिकूवरनं खराटा फिरवायचे, मग उरलेलं अंगण.

माळावर मी अधनंमधनं जायचे, लांब पडायचं. एकदा गेले तर म्हाताऱ्याची जागा झाडलेली. मी उजव्या हातानं झाडते, माझ्या खराट्याच्या रेघा डावीकडं वळतात. या रेघा उजवीकडं वळलेल्या होत्या. मी पलीकडच्या कसाव्याकडं पाहिलं. शेतात कुणीतरी उंच बाई वाकून खुरपत होती. तिनं मान वर केली नाही, मीही हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी नळावर ती पुन्हा रांग सोडून पुढं गेली, आणि मी तिला पुन्हा उंटीण म्हटलं.

मागल्या उन्हाळ्यात चंदिरू गेली. तिच्या पोरांनी तिला तिच्याच दारापुढं ठेवलं. मी गेले होते. इझामानं मला बसायला खुर्ची दिली.

आता म्हणतात तिकडं शांत झालंय. काही लोक जमीन बघायला परत निघालेत. लेमीही निघाला. गाठोडं बांधलं, बियाणं घेतलं.

"चल की आई," तो म्हणाला. "उद्या निघाले, उद्या निघाले म्हणत होतीस. आता चल."

"तू पुढं हो. घर उभं कर. मला इथं झाडायचं असतं."

"कुणाचं? चंदिरूआजीच्या पोराचं? केळीचं खोड आहे ते, आई. कधीच माती झाली असेल त्याची."

मी कुंपणाकडं गेले. तिथला शेर चांगला वाढला होता. इथं मी लावलेलं तेवढंच एक झाड, आसिकूला ठेवल्याच्या दुसऱ्या दिवशी लावलेलं. त्याची एक फांदी कापली, चीक गळू दिला, ओल्या फडक्यात गुंडाळून लेमीच्या गाठोड्यावर ठेवली.

"ओढ्यापलीकडं, बांधाकडचा पट्टा आठवतो ना?" मी विचारलं. "जिथं तीळ छातीभर यायचे."

"न आठवायला काय झालं. पहिले तिथंच पेरणार आहे."

"नाही पेरायचं. ही फांदी बांधाला लाव, आणि पट्टा सोडून दे. गवत येऊ दे."

"आई, सगळ्यात चांगली जमीन आहे ती आपली. का म्हणून सोडू?"

"मी एका बाईला सांगितलंय," मी म्हटलं, "तिथं गवत आहे म्हणून."